टनात न मोजलेला गोटा

कायनाइट नावाचा निळसर दगड आमच्या भंडारा जिल्ह्यात सापडतो. दक्षिणेकडे दहेगाव-पिंपळगावच्या पट्ट्यात त्याच्या खाणी आहेत. गिरोल्याच्या टेकडीत तो पायरोफिलाइट या खनिजाच्या सोबतीने आहे. जमिनीतून निघाला की तो फोडतात, दळतात आणि त्याच्या विटा करतात. या विटा साध्या भिंतीच्या नव्हेत, लोखंड-पोलाद आणि काच वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून लावायच्या. बाराशे-तेराशे अंशांच्या पुढे तापला की कायनाइट फुगतो, त्याचे म्युलाइट होते आणि त्याचा निळा रंग कायमचा जातो. ज्या जिल्ह्यातून हा दगड जातो, तिथल्या किती माणसांनी तो निळा असताना हातात घेऊन पाहिला असेल?

आमच्याकडे दगड मोजायची मापेच मोठी. मँगनीज टनात, रेती आणि मुरूम ब्रासमध्ये, गिट्टी ट्रकमध्ये. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी सगळ्यांना ठाऊक आहेत. १८९६ साली इंग्रजांच्या सिंडिकेटने मध्य प्रांतात मँगनीजचा शोध घ्यायला सुरुवात केली, १९६२ साली त्यातून मॉयल ही कंपनी उभी राहिली आणि आज डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलपर्यंत पोचते. या खाणींवर हजारो घरे चालली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढे करून दगड आम्हाला फक्त माल म्हणून कळला. तो चमकतो कसा, फुटतो कसा, ओला केला की त्याचा रंग कसा खुलतो, हे घरात कोणी बोलत नाही. पोरे मात्र बोलतात. प्रत्येक पोराच्या चड्डीच्या खिशात एक गोटा असतो आणि आई तो धुण्याआधी फेकून देते.

तो गोटा फेकू नये, असे मला वाटते. त्याचे लॉकेट होऊ शकते. त्याला भोक पाडावे लागत नाही, मशीनवर कापावे लागत नाही, सोनाराकडे जावे लागत नाही. थोडी तांब्याची तार, एक पक्कड आणि दुपारचा निवांत वेळ एवढ्यावर काम होते. तार गोट्याभोवती अशी फिरवायची की तो आत घट्ट बसावा आणि तरी त्याचे तोंड उघडे राहावे. वर त्याच तारेची कडी करायची आणि ती दोऱ्यात किंवा साखळीत ओवायची. डाग नाही, गोंद नाही. अमेरिका-युरोपात समुद्रकाठी, डोंगरात फिरायला गेलेली माणसे खडे वेचून आणतात आणि घरी बसून हेच करतात. पण तार वळून दागिना करणे फार जुने आहे. इराकमधल्या उर इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सोन्याच्या तारेची वेटोळी सापडली आणि त्यांच्याच सोबत सिंधूच्या खोऱ्यातून गेलेले लाल अकीकाचे मणीही. वायरमनच्या पेटीतली साधने वापरून आज जे काम होते, त्याचे हे पूर्वज.

आमचे अड्याळ गाव पवनी तालुक्यात, भंडारा-पवनी रस्त्यावर. पहेला सोडले की पुढे अड्याळ, मग कोंढा आणि पवनी. लांबच्या लोकांना गाव ठाऊक असते ते हनुमानाच्या देवळामुळे आणि चैत्रातल्या घोडायात्रेमुळे. भोवताली धानाच्या बांध्या, बोड्या, कोहळी समाजाने बांधायला शिकवलेले तलाव. पाण्याने ओळखला जाणारा मुलूख आहे हा. दगडासाठी इथे कोणी येत नाही. पण बांधीच्या चिखलाखाली जो खडक आहे तो महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या नशिबी नाही. भूवैज्ञानिक त्याला साकोली समूह म्हणतात. शिस्ट, फिलाइट, क्वार्टझाइट, अभ्रकाने चमकणारे थर, मधूनच पांढऱ्या गारेच्या शिरा. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. पुण्या-नाशिकचा काळा पत्थर म्हणजे दख्खनचा लाव्हा, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा पश्चिमेकडून येत येत नागपूरच्या आसपास संपतो. आम्ही त्या सीमेच्या पूर्वेला, जुन्या जमिनीवर.

तरीही अड्याळमध्ये लाव्हातले खडे सापडतात, आणि ते सापडण्याची जागा मला फार आवडते. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात, मुंडाऱ्याजवळ. तिथे लाव्हाचे पठार आहे. छिंदवाड्याकडून येणारी कन्हान अंभोऱ्याला तिला मिळते. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे लाखो वर्षे सिलिकाचे पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि थरावर थर बसून अकीक तयार झाला. खडक झिजला, पण अकीक त्याच्यापेक्षा कठीण, तो तसाच राहिला. नदीने तो उचलला आणि घासत घासत खाली आणला. ही नदीची रेती ट्रॅक्टरमधून गावागावांत बांधकामावर येते. प्लास्टरच्या आधी मजूर ती चाळणीवर टाकतात. रेती खाली पडते, वर गोटे उरतात, आणि त्यांचा ढीग भिंतीच्या कडेला पडून असतो. नवे घर बांधणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. घरमालकाला विचारायचे, बादलीभर पाणी मागायचे आणि तो ढीग धुऊन काढायचा. मधासारखा पिवळा, काळपट लाल, राखट पट्ट्यांचा, दुधी आणि मधोमध पारदर्शक असे गोटे बसल्या जागी निवडता येतात. नदीवर जायची गरज पडत नाही आणि रेतीघाटांच्या भानगडीत शिरायचीही नाही.

नदीचे काठही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झाले. जलाशय भरत गेला तशी गावे उठली, शेते गेली, आणि अंभोऱ्यापर्यंतचे गोट्यांचे जुने काठही पाण्याखाली गेले. गावे गेल्याच्या दुःखापुढे गोट्यांचे दुःख सांगणे शोभत नाही. पण नदीच्या वरच्या अंगाने जे वाहून येत होते ते आता धरणाच्या आत थांबते, हे दगड वेचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पवनी धरणाच्या खालच्या बाजूला आहे. तिथे उन्हाळ्यात पात्र उघडे पडते तेव्हा दिसणारे गोटे पुष्कळसे जुनेच.

पवनीचे नाव आले की मला थांबावे लागते, कारण दगड आणि माणूस यांची आमच्या भागातली सगळ्यात जुनी ओळख तिथे पुरलेली आहे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि परिसरात बौद्ध स्तूप निघाले, ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेले स्तंभ निघाले, एका ठिकाणी मुचलिंद नागाचे शिल्प नावासकट निघाले. पवनी तेव्हा खंदक आणि तटबंदी असलेले मोठे शहर होते. अशा शहरात मणी घालणाऱ्या बायका होत्या, मणी विकणारे व्यापारी होते, आणि मणी करणारे कारागीर विदर्भातच होते.

त्यांचे सगळ्यात महत्त्वाचे ठिकाण नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रस्त्याकडे: माहुरझरी. तिथली शिळावर्तुळे, म्हणजे लोहयुगातल्या दफनांभोवती रचलेली दगडांची कडी, शां. भा. देव यांनीच १९७० ते ७२ या काळात खणली. घोड्यांसह पुरलेली माणसे आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याचा साज तिथे मिळाला. पुढे या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजच्या रवींद्रकुमार मोहंती यांनी तिथे पुन्हा काम केले. माहुरझरीला मणी नुसते वापरात नव्हते, ते तिथे तयार होत होते. अकीक, लाल कार्नेलियन, स्फटिक, जास्पर असा कच्चा माल, ठोकून आकार दिलेले तुकडे, भोक पाडताना मध्येच फुटलेले मणी, हे सारे तिथल्या मातीत आहे. कारखान्याची खूण हीच: तयार मालापेक्षा बिघडलेला माल जास्त सापडतो. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरला आणि नागपूर जिल्ह्यातल्या अडमलाही मण्यांचे असेच भरघोस पुरावे आहेत. माहुरझरी वसवणाऱ्यांनी जागा विचारपूर्वक निवडली असणार, कारण लाव्हा आणि जुना खडक जिथे भेटतात तिथेच ती आहे. दोन्हीकडचे दगड हाताशी.

फुटलेल्या मण्यांपाशी मला जरा रेंगाळायचे आहे. अकीकाची कठिणता मोहसच्या मापावर साडेसहा ते सात, म्हणजे चाकूचे पाते त्याला ओरखडा काढू शकत नाही. त्यात आरपार भोक पाडायचे, तेही सरळ. गुजरातमध्ये खंभातला हे काम आजही परंपरेने चालते, त्यावरून जुनी रीत समजते. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून शेणीच्या विस्तवात भाजतात. त्याने रंग लाल होतो आणि दगड ठोकायला सोपा होतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देतात, टवके उडत उडत मण्याचा आकार येतो. भोक पाडायला लोखंडी काडीच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कणी बसवतात आणि धनुकलीने ती काडी फिरवतात, वरून थेंब थेंब पाणी. एका बाजूने अर्धे, मग उलटून दुसऱ्या बाजूने अर्धे. दोन्ही भोके मधोमध भेटली नाहीत किंवा शेवटच्या क्षणी टवका उडाला तर सगळी मेहनत वाया. माहुरझरीच्या मातीतले अर्धवट मणी म्हणजे अशा अनेक क्षणांचा हिशेब आहे.

आणि याची दुसरी किंमत शरीराने मोजली. अकीक घासताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो, दम लागत लागत माणूस खंगतो. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार इतका आहे की त्याचे अभ्यास झाले, मोफत तपासण्या झाल्या, धूळ ओढून घेणारी यंत्रे सुचवली गेली. यंत्राचे घासणीचक्र आल्यापासून धूळ वाढली. गळ्यातल्या चकचकीत माळेमागे कोणाचे तरी खोकणे असते, हे मी अशी माळ हातात घेतली की विसरू शकत नाही.

तार गुंडाळण्याचे काम मला एवढे प्रिय आहे त्याचे मुख्य कारण हे. यात दगडाला भोक नाही, घासणे नाही, म्हणून धूळ नाही. जे घासायचे ते नदीने पाण्याखाली, कोणाचे फुप्फुस न जाळता घासून ठेवले आहे. ओसरीवर लेकरू मांडीवर घेऊन बसलेली बाईही हे करू शकते. कोणाला गोटा थोडा चमकवायचाच असेल तर पाण्यात बुडवून, ओल्या पॉलिश पेपरवर, आधी जाड मग बारीक अशा क्रमाने घासावा. कोरडा कधीच नाही. मशीन घ्यायच्या फंदात पडू नये. ते घरात आले की धूळही आली.

आता तार. तांब्याची तार सोनाराकडे मागायला जाणारे पुष्कळ असतात आणि किंमत ऐकून परत येतात. खेड्यात ती मिळते मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. धानाच्या मुलखात पाण्याचे पंप जळतात, पंप जळले की वायंडिंग करावे लागते, त्यामुळे दर मोठ्या गावात असे दुकान असते. तिथे तांब्याची एनॅमल चढवलेली तार रिळांवर असते आणि वजनावर मिळते. नंबर जेवढा मोठा तेवढी तार बारीक. वीस नंबरची तार साधारण नऊ दशांश मिलिमीटर जाडीची, ती सांगाड्याला. अठ्ठावीस नंबरची चार दशांशाच्या आत, ती बांधायला. मी पहिल्यांदा थोडीशी तार मागितली तेव्हा दुकानातला भाऊ म्हणाला, "कोणती मोटर बांधून रायल्या ताई?" मी त्याला गोटा दाखवला. त्याने तो बोटांत फिरवून पाहिला आणि जळक्या मोटरमधली तार पुढे केली. "हे घ्या ना, लवते बी चांगली, पैसे बी कमी." ती खरेच लवचीक असते, कारण जळताना तापून तांबे मऊ झालेले असते. पण तिच्यावरचे जळके वार्निश खरवडताना हात काळे होतात, आणि कोणी ते घरच्या गॅसवर जाळून काढायला जाईल तर तो धूर विषारी. त्यामुळे मी नवीच तार घेते. एनॅमलचा एक फायदा म्हणजे घामाने ती काळवंडत नाही आणि गळ्यावर हिरवा डाग पडत नाही. बिनएनॅमलची उघडी तार हवी असेल तर तीही चालते. ती मळली की देवाची भांडी घासतात तशी चिंच-मिठाने उजळते. फक्त दगड पाहावा. संगमरवरासारख्या चुन्याच्या दगडावर आंबट पडले तर तो फसफसतो आणि त्याची झिलई जाते.

तांब्याचे एक वागणे हाताला लवकर कळते. नवी तार बोटांनी वळते. तीच वाकवून सरळ केली, पुन्हा वाकवली, की ती ताठर होत जाते, आणि तशीच छळत राहिले तर तुटते. भंडाऱ्याच्या कासार-तांबटांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: ठोकून कडक झालेल्या पत्र्याला ते पुन्हा ताव देतात, मग तो हातोडीखाली पुन्हा मऊ चालतो. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले शहर. स्टील आणि ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात शिरले आणि ती भांडी फडताळाच्या वरच्या खणात गेली. धातू वळवण्याचे ज्ञान मात्र अजून जिल्ह्यात आहे, आणि लॉकेटच्या कामात त्याचा रोज उपयोग आहे. तार वारंवार वाकवली की ताठरते, म्हणून ती दगडावर वळवून पाहू नये. आधी कागदावर दगडाची बाह्यरेषा काढावी, दोऱ्याने तिची लांबी मोजावी, वळण कुठे येणार ते ठरवावे, आणि मग तार एकदाच वळवावी.

एक लॉकेट जवळून सांगते, कायनाइटचे. हा दगड रत्नाच्या दर्जाचा नाही. राखट निळा, मधूनमधून पांढऱ्या गारेची रेघ, लांबट चपट्या पात्यांचा. त्याची खोड विलक्षण आहे. चाकूचे टोक त्याच्या लांबीच्या दिशेने ओढले तर ओरखडा उठतो, आडवे ओढले तर चाकूच घसरतो. लांबीच्या दिशेने कठिणता साडेचार-पाच, आडवी साडेसहा-सात. एकाच दगडात दोन. शिवाय तो लांबीने पापुद्रे सुटल्यासारखा फुटतो. म्हणजे याला भोक पाडायला गेले तर चिरफळ्या होणार. माहुरझरीच्या कारागिरानेही याच्यापुढे हात टेकले असते. तारेला मात्र तो वश होतो, अट एवढीच की पक्कड दगडाला लावायची नाही.

अंगठ्याएवढे लांब, बोटभर रुंद पाते घ्यावे. वीस नंबरच्या तारेचे तीन तुकडे, प्रत्येक दीड वीत. ते शेजारी शेजारी चपटे धरायचे, एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, आणि बरोबर मध्यावर अठ्ठावीस नंबरच्या तारेने पाच-सहा वेढे घट्ट घालायचे. वेढ्याची दोन्ही टोके आतल्या, म्हणजे दगडाकडे येणाऱ्या बाजूला कापायची. बाहेर राहिली तर साडीचा धागा ओढतात. हा बांधलेला मध्य दगडाच्या खालच्या टोकाशी येणार. तिन्ही तारा तिथून दगडाच्या दोन्ही कडांनी वर वळवायच्या, कागदावरच्या रेषेवर धरून, दगडावर नाही. दोन्ही कडांवर मध्याच्या जरा वर आणखी एकेक बारीक वेढा. आता दगड या पट्टीत अलगद बसवायचा. तिन्ही तारांपैकी मधली त्याच्या कडेवर टेकते. पुढची तार नखाने किंचित पुढे ओढून दगडाच्या तोंडावर आणायची, मागची तशीच पाठीवर. दोन्ही बाजूंनी हे केले की दगड पन्हाळीत बसल्यासारखा अडकतो. वर सगळ्या तारा एकत्र येतात, तिथे बारीक तारेचे वेढे घालून मान बांधायची. मग त्यातल्या दोन तारा पेन्सिलीवर फिरवून कडी करायची आणि उरलेल्या मानेभोवती गुंडाळून, टोके गोल करून, पक्कडीने दाबून लपवायची. पक्कड या एकाच टप्प्यावर दगडाच्या जवळ येते आणि इथेच हात जपावा लागतो.

झाल्यावर लॉकेट उलटे धरून जोरात हलवावे. दगड किंचितही सरकला, टक्‌ असा आवाज आला, तर मान सोडून पुन्हा बांधावी. मग ते ओढणीच्या कापडावर फिरवून पाहावे, कुठे धागा अडकतो का. या दोन कसोट्यांना उतरलेले लॉकेट वर्षानुवर्षे टिकते. ज्याच्यात तार फार, दगड दिसेना, असे लॉकेट मला आवडत नाही. वेटोळी, पाने, फुले वळवण्याचा मोह पहिल्या उत्साहात होतोच. दगड चांगला असेल तर तार जितकी थोडी तितकी बरी.

कुठला गोटा उचलावा याचे माझे नियम कडक आहेत. खाणीच्या हद्दीतला नाही. तो भाडेपट्टा दिलेल्या खनिजाचा भाग आहे, आणि उघड्या खाणीच्या कडेला जाणे जिवावर बेतू शकते. अभयारण्यातला नाही. शेतातला असेल तर शेतमालकाला विचारून. वखरणीनंतर धुऱ्यावर टाकलेले गोटे द्यायला कोणी नाही म्हणत नाही, उलट आणखी दोन घमेली न्या म्हणतात. विहीर खणली तर तिच्या मलब्यात खोलवरचा ताजा खडक मिळतो, तो जरूर पाहावा. पण पवनीच्या टेकड्यांवरून, माहुरझरीच्या शेतांतून, कुठल्याही शिळावर्तुळाजवळून काहीही उचलायचे नाही. आणि भोक असलेला दगड कुठेही सापडला तरी तो दागिना करण्यासाठी नाही. तो कोणीतरी केलेला मणी आहे. पावसाने उघडा पडलेला एक मणी खिशात घातला तर नुकसान एका मण्याचे दिसते. पण तो कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता ही माहिती त्याच्यासोबत जाते आणि ती परत मिळत नाही. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, विदर्भातल्या उत्खननांतल्या वस्तू पाहायला मिळतात. माळ करणाऱ्या प्रत्येकीने तिथे एकदा जावे आणि आपल्या पूर्वजांचे काम पाहावे.

विक्रीबद्दल थोडेच. बचत गटांच्या प्रदर्शनांत, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या मेळाव्यांत, अशी लॉकेटे ठेवता येतील. साहित्याचा खर्च किरकोळ, किंमत वेळेची. पण दोन गोष्टींवर माझा आग्रह आहे. पहिली: निळा दगड घशाला चांगला, लाल दगड रक्ताला चांगला, असे सांगून विकू नये. बाजारात कायनाइट असल्या दाव्यांसह महागात विकला जातो. त्याला काही आधार नाही, आणि दुखणे घेऊन आलेल्या माणसाला दगड देऊन परत पाठवणे हे पाप आहे. दुसरी: प्रत्येक लॉकेटसोबत एक चिठ्ठी असावी, दगडाचे नाव, तो कोणत्या गावच्या शिवारात किंवा कोणत्या नदीच्या रेतीत मिळाला, साधारण किती जुना. नाव ओळखता येत नसेल तर नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, भारतीय खाण ब्युरो आहे, कॉलेजांत भूगर्भशास्त्राचे विभाग आहेत. एवढी दगड जाणणारी माणसे एका शहरात क्वचितच असतात, आणि ते शहर आमच्यापासून बसने काही तासांच्या आत आहे. शाळेच्या सहली तिकडेही वळवाव्यात.

माझ्या मनात सध्या गोंडाइट आहे. १९०९ साली फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या एका खडकाला त्याने गोंडांवरून हे नाव दिले आणि जगभरच्या पुस्तकांत ते रूढ झाले. मँगनीजच्या गार्नेटचे नारिंगी-तपकिरी दाणे आणि गार यांनी तो बनलेला असतो. तुमसरकडे मँगनीजच्या सोबतीने तो येतो, कधी त्यात रोडोनाइटची गुलाबी शीर असते आणि तिच्यात काळ्या रेषा. खाणवाल्यांच्या लेखी तो पुष्कळदा टाकाऊ. रीतसर परवानगी मागून एखादा तुकडा मिळवायचा आहे. त्या नारिंगीवर तांबे खुलणार नाही, पितळेची पिवळी तार हवी. पितळ तांब्यापेक्षा ताठ. वळवले तरी थोडे परत उसळते, आणि गार्नेटच्या कडा धारदार असल्याने ढिली तार चालणार नाही. म्हणून तारेला आधी ताव द्यावा लागेल, मंद आचेवर, अंधाऱ्या जागी बसून, म्हणजे लाली दिसू लागताच तार बाहेर काढता येईल. जरा जास्त तापली तर ती ठिसूळ होते. भंडाऱ्यातल्या एका कासारकाकांनी मला हे सांगितले आणि पहिली तार आपल्या डोळ्यांदेखत तापवायला बोलावले आहे.